ब्रेकावर लिलाबाईचा पाय

…नाही, हसा बापा, हसा, तुमाले हसाले काय जाते, त्या भिंतीच्या अन् बंपरच्या मधात तुमी थोडेच उभे होते, मी होतो, अन् म्हनून तुमाले सांगतो, गाडीचं भेव नसते, ब्रेकावर पाय कोनाचा हाय त्याचं भेव असते.

मी इंद्रभान, कारंज्याच्या शिखरचंद शेठचा ड्रायव्हर. आधी बारा वर्षं ट्रक हाकलला, घाटात हाकलला, कायचंच भेव वाटलं नाही. पन शेठनं मुंबईहून एक जुनी अमेरिकन गाडी आनली, अन् तिच्यात क्लचच नाही. म्या वाकून पाह्यलं, सीटखाली हात घालून पाह्यलं, तिसरं पायडल गेलं कुठं? शेठ म्हणे, "इंद्रभान, हिचे गिअर आपोआप बदलतात." आता तुमीच सांगा, सारं आपोआप होत असन तं ड्रायव्हरनं काय करावं, नुसतं बसून भ्यावं? अन् मी भेलोच. इंजिन चालू केलं अन् गिअरचा दांडा डी वर, म्हंजे पुढच्या चालीवर, घेतला का ती न सांगता पुढं सरकते. पायानं दाबून धरा तं उभी, पाय उचलला का चालली.

चार वर्षं चालली अन् एक दिवस भर कापूस बजारात उभी राह्यली. इंजिन नुसतं बोंबलून राह्यलं अन् चाक हलत नाही. मांगंही जाईना. लोक गोळा झाले. शेठ उतरले, धोतर सावरलं अन् हळूच म्हणे, "हिले तुह्या घरी ने. काय करायचं ते तिथं कर. पंधरा दिवसांत चालली तं ठीक, नाही तं मोडीत देतो. अन् मंग तू ड्रायव्हर कायचा?"

बैल जुपले अन् घरी आनली. दारात बैल सोडले, गाडी ढकलत आंगनात घेतली, नाक थेट घराच्या भिंतीकडं, अन् मधात जागा किती, तं एक मानूस पोट आत घेऊन उभा राहीन इतकी. एका बाजूनं गव्हान, दुसऱ्या बाजूनं पान्याचं टाकं. अकोल्याहून मिस्त्री आला, खाली शिरला, बाहेर आला, म्हणे "ह्यात पाह्यासारखं काहीच नाही," चहा पेला अन् गेला.

मंग नानाजी आले. आमच्या शेजारचे, रिटायर हेडमास्तर. गाडीसंगं इंग्रजी पुस्तक आलतं, ते त्याइनं मांडीवर घेतलं, खाटेवर बसले, अन् असे वाचाले लागले का जसा मी चौथीत नापास होऊन उभाच हावो. "इंद्रभान, हे यंत्र तेलावर चालते. तेल लाल असते. तेल कमी झाले की शक्ती जाते. आणि तेल मोजताना इंजिन चालू ठेवावे." म्हनलं, चालू? ट्रकचं तं बंद करून मोजतात. "चालू," नानाजी म्हणे, "छापलेले आहे."

लाल तेलाचा डब्बा धरमसिंग ट्रान्सपोर्टवाल्यानं नागपूरहून आनून देला. आता पुस्तकाचा हुकूम असा, एकानं ब्रेकावर पाय घट्ट ठेवावा, दांडा साऱ्या अक्षरांवरून फिरवावा, अन् दुसऱ्यानं पुढं जाऊन सळईनं तेल मोजावं. नानाजी म्हणे, माझा गुडघा दुखतो, शिवाय मी बसलो तर वाचणार कोण? मंग ऱ्हायलं कोन? आमची लिलाबाई.

अन् लिलाबाई माह्यासंगं आठ दिवसांपासून बोलत नव्हती. काहून? तं दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर जाचं. चार वर्षांपासून मी म्हनतो पुढच्या साली नेतो, अन् दर दसऱ्याले शेठले सोनं वाटाले गावभर फिरवतो. अवघा मोहल्ला जाऊन आला, हे एकटीच ऱ्हायली. चूक माहीच, मी कुठं नाही म्हनतो? पन ब्रेकावर पाय तिचा.

ते आली, बसली, सीट लांब अन् हे बुटकी, पार काठावर टेकली. "नानाजी, त्याइले इचारा, कोनतं दाबू." मी म्हनलं, नानाजी, तिले सांगा, डाव्या आंगचं मोठं. नवरा इथं, बायको इथं, अन् बोलनं खाटेवरून. म्या इंजिन चालू केलं, खिडकीतून हात घालून दांडा फिरवला, पी, आर, एन, डी, अन् तिथंच सोडला. हातब्रेक? तो लागतच नाही. दगड लावले का म्हनता? लावले ना. मागच्या चाकाच्या मांगून लावले. ट्रक मांगं घरंगयते, तेच डोक्यात.

टाक्यावर चढून पुढं उतरलो, बोनट उचललं, अन् मंग ध्यानात आलं का आता मले लिलाबाई दिसतच नाही. तिचं तोंड नाही, पाय नाही, काहीच नाही. गाडीचं भेव नसते बापा, ब्रेकावर पाय कोनाचा हाय त्याचं भेव असते.

सळई काढली, कोरडी ठाक. तेलच नाही. म्हनलं बिमारी सापडली. नरसाळं लावलं, एक लोटा ओतला. दुसरा ओतला. तिसऱ्या लोट्याले गाडीचा आवाज बदलला, खाली बसला, अन् बंपर बोटभर पुढं येऊन माह्या गुडघ्याले टेकला. तेल पोटात गेलं अन् गाडीत जीव आला, अन् तो माह्याच हातानं म्या घातला.

"लिला," म्या म्हनलं, "पाय दाबून ठेव." आठ दिवसांत पह्यलंच बोलनं.

बोनटाच्या मांगून आवाज आला, "अवो, औंदा नागपूरले नेता का?"

म्हनलं, नेतो.

"चार सालं तेच म्हनता. पायाले मुंग्या येऊन राह्यल्या बरं."

नेतो, लिला, एसटीनं नेतो, खिडकीपाशी बसवून नेतो. मांगं भिंत, दोन्ही आंगानं अडकलेलो.

"अन् त्या दिवशी गल्लीतल्या तुळसाबाईच्या इथं जेवून आलते, मले म्हनले पोट दुखते, ते खरं का?"

आता हे सांगाची वेळ हाय का? बंपर अजून बोटभर आला. म्हनलं, जेवलो, दोनदा वाढून घेतलं, अन् चांगलं झालं असंही म्हनलो. खाटेवर नानाजी तोंडात धोतराचा सोगा कोंबून हसून राह्यले.

मी ओरडलो, लिला, चावी फिरव, बंद कर. ते म्हणे, "हात पुरवाले गेली तं पाय उठन, उठू देऊ?" नको, नको. नानाजी, तुमी उठा. नानाजी म्हणे, "थांब, पुस्तकात पाहतो." पाह्यलं, तं दोन पानं तेलानं चिकटलेली. नखानं सोडवली, चष्मा पुसला, अन् वाचलं, "यानंतर दांडा एन, म्हणजे न्यूट्रलवर, आणावा, आणि मगच गाडीच्या पुढे जावे." मंग एकदाचा दुखरा गुडघा उचलला, जाऊन चावी फिरवली.

शांत झालं. मी टाक्यावरून उतरत बाहेर आलो, दार उघडलं, तं लिलाबाई तशीच, दोन्ही हातांनं चाक धरलेलं, डोये भरलेले, पाय उचलतच नव्हता. म्याच हातानं उचलला. पायडलच्या रबराच्या रेघा तळव्यात रुतल्या होत्या. सारं इचारत होती, पन दाबून असं ठेवलं होतं का बारा बैलांनं सुटलं नसतं. मले लाजच वाटली बापा.

शेठले सांगतलं, गाडी चालते, पन दसऱ्याले मी नाही, नागपूरले चाललो. शेठ लाल झाले. मले काहीच भेव नाही वाटलं, त्याचा पाय काही ब्रेकावर नव्हता.

नागपूर झालं, नोकरीही टिकली, अन् गाडी आता माह्याच आंगनात उभी असते. गाडीही झकास हाय, तेल एक थेंब कमी होत नाही. पन आता दर आयतवारी सकाळीच लिलाबाई पदर खोचते, जाऊन सीटवर बसते, अन् मले हाक मारते, "अवो, या ना पुढं, तेल पाह्याचं नाही का?"