रोहिणीचा शेंडा

(लॅपटॉपच्या पडद्यावर जे उमटतं, ते इथं 'अर्ज' बोलतो.)

अप्पाराव : …म्हणून तुलाच बोलावलं. तिचा पासवर्ड तुझ्याबिगर कुणाला म्हाईत? लाव जल्दी. पाचला बंद होतंय म्हणली ना तू?

शिवकन्या : हो काका, पाचलाच. पण तुमच्या अंकुशनगरला रेंज फार बारीक आहे.

अप्पाराव : सकाळपासून तू हेच करून राह्यली. आधी म्हणली बस चुकली, मंग म्हणली चार्जर इसरलं, आता रेंज. अक्षता म्हणायची ते बिलकुल खरं हाय. धावड्याची सरपंचीण आली की काम हुतंय, पण तिच्या टायमानं.

शिवकन्या : सरपंचीण म्हणायची मला? तुमच्यापुढं?

अप्पाराव : तुझ्या तोंडावर काय म्हणायची?

शिवकन्या : ढमी.

अप्पाराव : मंग सरपंचीण बरंय की.

अर्ज : नमस्कार, अक्षता. तुमचा अर्ज अपूर्ण आहे.

शिवकन्या : ते सगळ्यांनाच तसं लिहितं काका. तुम्ही नका बघू तिकडं.

अप्पाराव : बघू दे. दीड महिन्यात तिला नमस्कार कुणी केला न्हाई.

अर्ज : स्पर्धकाचे नाव : अक्षता अप्पाराव खरात. प्रतिकृती : रोहिणी दोनशे, मूळ रॉकेटच्या एक चतुर्थांश मापाची. उडवणारा : स्वतः किंवा प्रतिनिधी.

शिवकन्या : इथं प्रतिनिधी करून माझं नाव टाकते. स्पर्धेच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, अर्ज तिनं आधीच भरलेला असेल तर तिच्या नावानं दुसऱ्यानं उडवलेलं चालेल.

अप्पाराव : चालंल कसं न्हाई? पुण्यानुमोदनाला साऱ्या पाव्हण्यांसमोर बोललो म्या. पोरगी गेली, पण तिचं रॉकेट जाणार. बेबीनंदानं त्या दिवशी पयल्यांदा दोन घास खाल्ले. तुझ्या काकूला मी दुसरं काय देऊ शकतो, सांग.

अर्ज : जाहीरनामा. मी जाहीर करते की या प्रतिकृतीचा प्रत्येक भाग मी स्वतःच्या हाताने बनवला आहे. मान्य असल्यास चौकटीत खूण करा.

अप्पाराव : कर. कर की. अडकलं का?

शिवकन्या : अडकलं नाही. काका, तिनं सगळं भरून ठेवलंय. मापं टाकलीत, बावीस फोटो लावलेत. फक्त ही चौकट सोडलीय.

अप्पाराव : ताप आला ना मंग. डेंगूनं दम तरी घेऊ दिला का तिला?

शिवकन्या : ताप एकवीस तारखेला आला. हे तिनं शेवटचं उघडलंय त्याच्या आधी, चार तारखेला. हे बघा, वर लिहिलंय.

अप्पाराव : इसरली असंल.

शिवकन्या : अक्षता? पॅराशूटच्या दोऱ्यासुद्धा तिनं मला ओवू दिल्या नाहीत. मी नुसती सुई उचलली तर हातावर चापट मारली. म्हणाली, तू गाठ मारली तर मला खूण करता येणार नाही.

अप्पाराव : तेच तर मी म्हणतो! समदं तिचंच हाय. पुठ्ठ्याची नळी तिनं गुंडाळली, पंख तिनं कापले. मंग खूण करायला तुला काय झालं?

शिवकन्या : शेंडा, काका.

अप्पाराव : शेंड्याचं काय?

शिवकन्या : तिला माहीत होतं.

अप्पाराव : काय म्हाईत हुतं?

शिवकन्या : तुम्ही लेथवर चढवला ते.

अप्पाराव : कडूबा बोलला का? त्याच्या वर्कशॉपात तोंड उघडायची सोय न्हाई.

शिवकन्या : कुणी बोललं नाही. तिच्याकडं वही होती, प्रत्येक भागाचं वजन लिहिलेली. शेंडा अकरा ग्रॅम कमी भरला. मग तिनं डोळे मिटून बोट फिरवलं त्याच्यावर. मला म्हणाली, हातानं घासलेलं लाकूड एवढं गोल नसतं गं.

अप्पाराव : ती जालन्याला गेल्ती, परीक्षेला. चार दिवस. पांगाऱ्याचं लाकूड चाकूनं कोरून कोरून तिची बोटं फाटल्ती. अन् एवढं करून शेंड्याला एका अंगानं पोट आल्तं. नकाशातल्या मापाच्या दीड मिलिमीटर भाईर. मी तीस वर्सं टर्नर हाय, शिवकन्या. उसाच्या ट्रॉलीचे धुरे सरळ करतो. पोरीचं वाकडं हाय अन् मी बघत बसू? दहा मिनटाचं काम हुतं. वरून पांढरा रंग दिला, जिथल्या तिथं ठेवला. आली, हातात घेतला, म्हणली, बाबा, कसला भारी दिसतोय ना? मला वाटलं, हिला पत्ताच न्हाई. आठ दिवस मी जमिनीवर नव्हतो.

शिवकन्या : तुमच्या तोंडाकडं बघून म्हणाली ती.

अप्पाराव : मला बोलायचं ना मंग! भाजीत मीठ कमी म्हणलं तर ताट वाजवायची माझ्यापुढं. एवढ्या मोठ्या गोष्टीला गप बसली?

शिवकन्या : मला बसस्टँडवर सांगितलं. आधी रडली, मग हसत सुटली. म्हणाली, ढमे, बाबाला कळलं तर ते पुन्हा माझ्या कशालाच हात लावायचे नाहीत. दुसरा शेंडा करायला घेतला होता तिनं, माझ्या हॉस्टेलवर. पण तो वेळेत होणार नव्हता. म्हणाली, औंदा बाबाला सांगते, तारीख हुकली. पुढच्या वर्षी बराबर जाऊ.

अप्पाराव : तारीख हुकली म्हणणार हुती.

शिवकन्या : हो.

अप्पाराव : बापाला खोटं बोलणार हुती. ह्या चौकटीला न्हाई बोलली.

शिवकन्या : मी फोनवरच सांगायला पाहिजे होतं तुम्हाला. चार वेळा नंबर लावला अन् कापला. काका, तुम्ही म्हणता तर करते खूण. कुणाला कळणार नाही. तो शेंडा इतका सरळ आहे, नंबरसुद्धा येईल.

अप्पाराव : दुसरा कुठंय?

शिवकन्या : माझ्या पिशवीत. द्यावा की नाही, समजत नव्हतं. हा घ्या.

अप्पाराव : हलका केलाय… ह्या बाजूनं बराबर उतरलाय. बघ, बघ. सुधारली हुती पोरगी. हाच लावू की मंग!

शिवकन्या : द्या इकडं, दाखवते. तो नळीत बसत नाही. खालचा भाग राहिलाय कोरायचा.

अप्पाराव : तेवढंच ना? आण इकडं, मी दोन मिनटात…

शिवकन्या : काका, पुन्हा?

अप्पाराव : न्हाई. ठेव तिथं. माझ्यापसून लांब ठेव.

अर्ज : मुदत संपण्यास दोन मिनिटे शिल्लक आहेत.

शिवकन्या : काका, काय करू? काकूला काय सांगायचं? त्यांनी डबा करून ठेवलाय, उद्या निघायचं म्हणून.

अप्पाराव : सांगू. तारीख हुकली म्हणून.

शिवकन्या : पाव्हण्यांना?

अप्पाराव : त्यांना बी तेच. अप्पाराव येडा हाय म्हणतील, म्हणू दे. पाणी पी तू. रडू नको, ती चिडायची रडणाऱ्यावर.

शिवकन्या : स्वतः रडायची तेव्हा चालायचं.

अप्पाराव : तिचं तसंच हुतं समदं.

अर्ज : मुदत संपली आहे. हा अर्ज आता स्वीकारला जाणार नाही.

शिवकन्या : पान बंद करू?

अप्पाराव : वर तिचं नाव दिसून राह्यलं ना अजून?

शिवकन्या : हो.

अप्पाराव : मंग राहू दे जरासं.