कंबर माझी, खोट पँटीत

...नको, नको, खुर्ची नको, उभाच बरा आहे मी, त्या खुर्चीनंच तर घात केलाय! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं शिलाई मशीनवर बसून लोकांच्या पँटी शिवल्या, आणि माझीच कंबर अशी धरली, अशी धरली, की तीन वर्षांची नात "आबा, कडेवर!" म्हणत धावत आली आणि मी... मी चक्क खिशातलं चॉकलेट पुढं केलं! तिनं घेतलंच नाही हो. हात वर करून तशीच उभी राहिली.

मग गेलो फिजिओथेरपिस्टकडे. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची. मी म्हणतोय कंबर, कंबर, आणि ती जांघेपाशी अंगठा रोवून विचारते, "इथं दुखतं का काका?" दुखतं का? अगं, ब्रह्मांड आठवलं! पण दुखतंय मागं आणि दाबतेय पुढं, हा काय प्रकार?

"काका, सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण तुमचा कण्यापासून मांडीत उतरणारा स्नायू बसून बसून आखडलाय. उभे राहिलात की तो कंबर पुढं खेचतो." म्हणजे दोरा ओढला की कापड गोळा होतं, तसं? "अगदी तसंच! बघा ना, कंबर पुढून खाली झुकलीय. पँट मात्र झकास बसलीय, ती कशी?"

बोंबला! चार वर्षं पँट पुढून लोंबतेय म्हणून मी एकेक उसवून पुढून कमी करत होतो हो! बायको ओरडायची, "अहो, वाकडे तुम्ही झालायत, पँटींना कशाला छळताय?" ऐकतो कोण! दुखतंय मागं आणि मी कापतोय पुढं!

मग व्यायाम. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढं, पोट आत, कंबर हळूच पुढं... अर्धा मिनिट! तेही दुकानात! गिऱ्हाईक दारातून विचारतंय, "काय हरवलं का मास्तर?" शिवाय दर अर्ध्या तासाला मशीनवरून उठायचं. दोन महिने केलं. दुखतंय मागं, ताणतोय पुढं!

आणि परवा नात आली. हात वर केले. वाकलो, उचललं... कंबर गप्प! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? ती माझ्या खांद्यावरून खाली बघत म्हणाली, "आबा, तुझी पँट वाकडी आहे."

खरंच की हो! मी सरळ झालो, आणि अकराच्या अकरा पँटी वाकड्या! आता सगळ्या उसवायच्या, सगळ्या पुन्हा शिवायच्या...

द्या, द्या ती खुर्ची इकडे.