धोंड्याचा परगोला

न्हाई न्हाई, ती भोकं पाडायची मशीन आधी खाली ठेवा, धर्मसिंग भाऊ — खाली मंजी भुईवर, भिंतीला टेकवू नका. रंग खरवडतो. आन तसंबी लाईट कुठाय? आमच्या हट्टा गावाला दोन वाजल्याबिगर येत न्हाई, आन येती तीबी पावण्यावानी, टेकली न टेकली की उठली. तवर बसा लिंबाखाली, च्या घ्या. आता कुठं दीड वाजून राहिला. व्याही चारला येतो म्हनले मंजी पाच वाजतेत. आमच्या पोराला, दिपकला, आन सुनबाईला घेऊन येनार, जेवून-खाऊन, सावकाश. वसमतहून या उन्हाचं टेम्पो घेऊन आलात, घामानं निथळून राहिलात, दम खा जरा. तुमच्या तांड्यावर कोनी आलं तर तुमी त्याला आल्या आल्या कामाला जुंपता का? न्हाई ना? मंग. बसा.

काय म्हनतेत त्याला — परगोला. शी! नाव घेतलं तरी तोंड धुवावं वाटतंय. कागद मलाबी दाखवला की व्याह्यानं. गुळगुळीत कागद, त्याच्यावर एक बाई खुर्चीत बसून काहीतरी पिऊन राहिली, आन वर काय? नुसत्या पट्ट्या! पट्टी, मंग फट, पट्टी, मंग फट. मी म्हनले, याच्यावर पत्रे कवा टाकनार? तर व्याही हसले. विहीनबाई, म्हनले, पत्रे नसतेतच, ते तसंच असतं. तसंच असतं! ऊन आलं तर खाली, पानी आलं तर खाली, कावळा बसला तर त्याचंबी खालीच. मंग हाय कशाला ते? तर म्हनले शोभेला. आता सांगा, आमी गोठ्यावरबी पऱ्हाट्या टाकतो, मुक्या जनावराला सावली घावावी म्हनून. ह्याच्याखाली म्हैस बांधली तर ती दुसऱ्या दिवशी दावं तोडून पळंल. आन उभं तरी कसं राहतं ते मेलं — पुढं दोन पाय, मागं पायच न्हाईत. मागची बाजू भिंतीत बोल्ट ठोकून टांगायची. मंजी पुढून दिमाख आन मागून दुसऱ्याच्या जिवावर. असलं ध्यान मानसानं दारात आनावंच काहून?

आनावं लागतं, भाऊ. काहून मंजी, जावयाचं वाण हाय ते! धोंड्याचा महिना चालू हाय ना. तीन वर्साला एकदा येतो, लोक जावयाला बोलावतेत, पुरनाचे धोंडे करून खाऊ घालतेत, कोनी अंगठी घालतं, कोनी कपडे करतं. आन आमच्या व्याह्याच्या डोक्यात परगोला! त्यायचं धाकटं पोरगं पुन्यात हाय, त्यानं धाडला तो कागद. आन हे रिटायर मानूस. जलम गेला सिद्धेश्वरच्या धरनावर, आता दिवसभर ओट्यावर बसून पेपर चाळतेत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हनतेत तसं झालंय, आन भिंत घावली ती माझीच. मी म्हनले, धोंड्याच्या महिन्यात कोनी मेढ रोवतं का? लग्न न्हाई, मुंज न्हाई, घराचं काम न्हाई या महिन्यात. तुमीच सांगा ना त्यायला, तुमचं आयकतील. म्हनावं, विहीनबाई लई जुन्या वळनाच्या हायेत, महिना सरू द्या म्हनल्या. महिना सरला की पेरनी येती, पेरनी आली की कोनाला आठवतो परगोला? — काय म्हनता? कॅमेरा घेऊन येऊन राहिले? खाली उभं राहून फोटो काढायचे? आरे देवा. काय हौस म्हनावी ह्या मानसाची!

बरं, एक आयका. लावायचंच असंल तर तिकडं मागं लावा. गोठ्याच्या अंगाला संडास बांधलाय बघा आमी, औंदाच बांधला, त्याच्या भिंतीला लावा. हसू नका, खरं सांगून राहिले. ती भिंत विटाची हाय, पक्की, किती बी बोल्ट ठोका, हालनार न्हाई... तसं मंजी हीबी पक्कीच हाय. ही काय कच्ची हाय असं म्हनले का मी? ही तर त्याच्याहून जाड. दोन हात जाड! — हां, तेच की, आजकाल एवढी जाड भिंत कोन बांधतं. कोनी न्हाई. आमीच बांधली. तुमी च्या प्या, निवून राहिला.

भिंतीवर टकटक करू नका! किती डाव सांगू? — आवाज? कसला आवाज? चांगला घट्ट आवाज हाय, तुमचे कान मशीननं गेलेत. इकडं या, सावलीत. हे बघा भाऊ, आमच्या घरात भिंतीला खिळा मारत न्हाईत. आमच्यात चालत न्हाई. घरातली लक्ष्मी जाती. साधा कॅलेंडराचा खिळा न्हाई सगळ्या घरात, जाऊन बघा, खिडकीच्या गजाला बांधलंय सुतळीनं. पोराच्या लग्नाचा मोठा फोटो, काचेचा, सोनेरी चौकटीचा, तो लोखंडी पेटीवर उभा करून ठिवलाय तीन वर्सं झाली. मंग तुमचे हे अंगठ्याएवढे बोल्ट कशे चालतील? — सुनबाई? तिनं काहून म्हनून एका शब्दानं इचारलं न्हाई. पहिल्या हप्त्यात फोटो घेऊन आली, आत्याबाई, कुठं लावू? मी म्हनले, खिळा न्हाई मारायचा बाई, लक्ष्मी जाती. बरं म्हनली आन पेटीवर ठिवला. भोळी हाय प्रतिक्षा. शिकली हाय, बारावी झाली, पन भोळीच. तुमाला सांगते, तिची खाट व्हती या भिंतीला लागून. लग्नाला सहा महिने झाले नसतील, एक दिवस सोताच वढत वढत नेली खोलीच्या मधोमध. म्हनलं, काहून गं? तर म्हनली, आत्याबाई, भिंतीला गरम होतं. आता चालता-फिरता पाय अडखळतो त्या खाटंला, नडगी फुटती, पन म्हनलं जाऊ दे, हिंगोलीची पोरगी हाय, नाजूक हाय. काय बोलायचं?

काय बघून राहिलात असं? — जुनं हाय हो ते, खिळ्याचं. आमच्या सासूच्या आधीपासून... न्हाई. जुनं न्हाई. तुमच्यापाशी काय लपवायचं, तुमी बोटानं टकटक केलं तवाच तुमाला कळलंय, उगंच मान खाली घालून च्या पिऊन राहिलात. पांढरी माती हाय आत. नुसती पांढरी माती, दोन हात जाड, माझ्या सासऱ्यानं बांधलेली. वरून कोंबड्याची जाळी, जाळीवर दोन बोटं सिमेंट, सिमेंटावर गुलाबी ऑइलपेंट. बाहेरूनबी आन आतूनबी. मेलेल्याला पावडर लावावी तसं केलंय आमी. तुमची मशीन लागली की भसाभसा माती गळनार, मंग जाळी सुटनार, मंग काय ऱ्हाईल? आन तेबी व्याह्याच्या डोळ्यासमोर, फोटो काढता काढता.

तुमी म्हनाल, त्यात काय एवढं, निम्मा जिल्हा मातीच्या घरात ऱ्हातो. ऱ्हातो की. मी कुठं लाजते मातीला? हातानं सारवलीय मी ही भिंत, दर दिवाळीला. पन ह्या मानसाला न्हाई चालत, भाऊ, ह्याच मानसाला न्हाई चालत. त्यायची मोठी बहीन दिलेली व्हती तिकडं किल्लारीच्या अंगाला. त्र्यान्नवला भूकंप झाला ना, गनपती बुडवल्यावर — त्या बाईवर तिच्याच घराची भिंत आली. व्याही तिकडं धावले, सोताच्या हातानं माती उकरली म्हनले, नखं निघाली, तवा ती सापडली. पोरगी बघायला आमी गेलो, त्यायनं आधीच सांगितलं, मला तुमची जमीन बघायची न्हाई, सोनं बघायचं न्हाई, पोरगं शेती करतं ते चालंल. फक्त घर पक्कं पाहिजे. माझी पोरगी मातीच्या भिंतीआड झोपनार न्हाई. एवढीच अट, दुसरी एक न्हाई. आन ते घर बघायला यायच्या आधी आठ दिवस आमी पूर्णेहून गवंडी आनला. गावातला आनला असता तर बोभाटा झाला असता. गावाला कळलंच तसंबी, पन बोललं कोनी न्हाई, ठरलेली सोयरीक मोडनाऱ्याला पाप लागतं म्हनतेत ना.

कोनाचं डोकं ते? आमच्या मालकाचं. मुंजाजीचं. ते गेले औंदाच्या मागच्या वर्सी, त्यायनंच सगळं... थू माझ्या तोंडावर! मेलेल्या मानसावर ढकलून राहिले. त्यायनं न्हाई. ते बिचारे म्हनत व्हते, आशा, सांगून टाकू, न्हाई तर न्हाई, दुसरी पोरगी बघू. मीच म्हनले, गप बसा, अशी पोरगी पुन्हा घावनार न्हाई. जाळीबी मीच धरली गवंड्याला. आन व्याही आले, दारात उभे ऱ्हाले, भिंतीवर असा पंजा ठिवला. मोठा पंजा, नखं अजून वाकडी हायेत दोन. म्हनले, विहीनबाई, झाक घर हाय, आता मला घोर न्हाई. आन डोळ्यात पानी आलं हो त्यायच्या. मी पदर तोंडाला लावला. त्यायला वाटलं मीबी रडून राहिले. मी घाम पुसून राहिले व्हते, भाऊ! वर त्यायला दोन डाव शिरा वाढला, आग्रह करून करून. असली बाई मी. परगोल्याला नावं ठिवून राहिले मगापासून, मागं पाय न्हाईत म्हनून. मला तरी कुठं हायेत?

— आली बघा मेली. पंखा फिरला घरात. आज दोनच्या आधीच कशी आली? थांबा, उठू नका. उठलात? बरं बरं, मशीन राहू द्या, सामान तेवढं उतरवा, सामान बघून तरी व्याह्याचं समाधान होईल. मंग मी म्हनते लाईट गेली. रोजच जाती, कोन खोटं म्हनंल? पट्ट्या ठिवा तिकडं. खांब हिकडं, लिंबाला टेकवा. एक... हां. दोन. झालं ना? मंग काय काढून राहिलात अजून? — तीन. चार. चार खांब? भाऊ, तुमचं काहीतरी चुकलं, कागदात दोनच व्हते. मागची बाजू भिंतीवर ना. कोनाचे दुसऱ्याचे हायेत का हे?

आमचेच?

कोनी सांगितले चार? व्याह्यानं? — न्हाई. मंग दिपकनं? दिपकला कुठली एवढी अक्कल. मंग कोन... आमची प्रतिक्षा? ती कवा आली तुमच्या दुकानात? — आठ दिवस झाले. बांगड्या भरायला वसमतला जाते म्हनून गेली व्हती, येताना चार हिरव्या घालून आली. काय म्हनली ती? तसंच्या तसं सांगा, तिच्याच शब्दात सांगा. — चार खांबावर उभं करा, भिंतीला बोट लावू नका, दोन बोटं जागा सोडा. आन पप्पांनी इचारलं तर सांगा, लोखंड उन्हानं फुगतं, जागा सोडावीच लागती. आन? — आन आत्याबाईला काही बोलू नका, त्या घाबरतेत.

मी घाबरते.

आन तुमी मगापासून आयकून राहिलात, मान हालवून राहिलात, च्या पिऊन राहिलात, आन चार खांब टेम्पोत! बरं केलं. तिनं सांगितलं ते पाळलं, बरं केलं. मी... थांबा जरा. भिंतीला गरम होतं म्हनली व्हती ती. मातीची भिंत कुठं गरम होती, भाऊ? उन्हाळ्यात मी दुपारची तिलाच पाठ लावून बसते, गार लागती म्हनून. मला कळाया नको? शेनामातीत जलम गेला आन एवढं कळाया नको? तवापासून ठावं हाय तिला. तवापासून ती खोलीच्या मधोमध झोपती, जिची सख्खी आत्या भिंतीखाली गेली ती पोरगी, आन बापाला दर राखीला, दर दिवाळीला सांगती, पप्पा, घर झाक हाय. माझ्यापायी. आन मी तिला भोळी म्हनते, लोकात म्हनते, आता तुमालाबी म्हनले. किळस येती मला माझी.

न्हाई, खड्डे घेऊ नका. रोवायचं न्हाई काही. चारी खांब घाला टेम्पोत, पट्ट्याबी घाला. पोरगी परत खोटं बोलनार ते माझ्यानं आयकवनार न्हाई. आधी ही भिंत पाडायची हाय, मंग विटाची बांधायची, मंग निरोप धाडते तुमाला, तवा या आन लावा मागं-पुढं काय लावायचं ते. व्याह्याचं तुमाला काय करायचंय? व्याह्याशी मी बोलते. चारला येऊ द्या, नाहीतर पाचला, मी हितंच दारात बसते. — न्हाई, तुमी थांबू नका. घरातलं हाय हे.

आयका, एक खिळा तेवढा ठिवून जावा. मोठा. फोटो लावायचाय लग्नाचा, ह्याच भिंतीला, व्याह्यासमोर, माती गळंल ती गळू दे. हातोडा हाय घरात. जावा आता.