नळीतून पेज

बोईसरच्या दवाखान्यात हेमाली सासूच्या उशाशी बसली होती. शेजारच्या खाटेपाशी सिस्टर आणि नवापूरची जमना यांची जुंपली होती.

“मावशी, नवऱ्याला घरी सोडलंय ना? खाट रिकामी करा!”

“करते. नाकातल्या नळीतून याला पेज कशी घालू, ता आदी सांग.”

“कार्डावर लिहिलंय सगळं.”

“ता इंग्रजीत हाय, बाय.”

“कोणाकडून तरी वाचून घ्या.”

“आनि ठसका लागला तर? तवा कोनाला वाचायला बोलवू?”

“मला वीस पेशंट आहेत, मावशी!”

“मना एकच हाय.”

सिस्टरने हातातला ट्रे खाली ठेवला.

“हात धुवून या. दाखवते.”

हेमालीच्या सासूलाही नळी होती आणि उद्या तिला सोडणार होते. हेमाली उठली आणि जमनाच्या मागोमाग हात धुवायला गेली.