रागिणीची झोप

मंडळी, एक सवाल टाकते तुमच्यापुढे. ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला काय हवंय, हे ठरवायचं कोणी? आपण, की त्यानं?

"त्यानं!" — बघा, किती पटकन बोललात! पुढच्या रांगेतल्या काकू तर मान डोलावून मोकळ्या. आणि काकू, पाहुणे जेवायला बसले की? ते "नको, नको" म्हणतायत, ताटावर हात आडवा धरलाय, तरी बोटांच्या फटीतनं जिलेबी सोडताच ना! माया हो, मायाच ती! पण पोट कुणाचं?

अहो बाई, बाळ रडतंय म्हणून उठू नका. बसा! रडू दे त्याला. आज आख्यानच रडणाऱ्या बाळाचं आहे. विष्णुपंत, तबला जरा हलका ठेवा. ऐका तर.

बार्शीला केतकी मुळे नावाच्या एक गायिका. घरीच गाण्याचा क्लास. गळा काय सांगू! संध्याकाळी त्यांचं गाणं सुरू झालं की रस्त्यानं जाणारा माणूस चप्पल तुटल्याचं निमित्त करून थांबायचा. नवरा श्रीरंग, पोस्टात नोकरीला. मितभाषी, सज्जन. सासूबाई यमुनाबाई. घर सुखी, पण पाळणा हलला नाही. दवाखाने झाले, नवस झाले. लोक तरी गप्प बसतात का? "दुनियेच्या पोरांना गाणं शिकवते, पण हिच्या घरात रडणं नाही!" — असं तोंडावर नाही बोलत हो कुणी. पाठ वळली की बोलतात, आणि ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलतात!

शेवटी दोघांनी ठरवलं — मूल दत्तक घ्यायचं. यमुनाबाईंना आधी कसंतरी झालं. देवघरात जाऊन बसल्या. बाहेर आल्या त्या एवढंच म्हणाल्या, "दुपटी शिवायला घेते."

बरीच वाट बघायला लागली. मग एके दिवशी सोलापूरच्या एका शिशुगृहातून फोन आला. मुलगी आहे, चार महिन्यांची. या!

केतकीनं नाव आधीच ठरवलं होतं — रागिणी! गायिकेची लेक, दुसरं काय असणार? आता कायदा असा, की मूल आधी घरी न्यायचं, सांभाळायचं. कोर्टाचा हुकूम मागनं होतो. तेव्हा लेक घरी आली. पेढे वाटले.

आणि बाळासाठी गाणं निवडायचं काम सुरू झालं!

हसू नका. केतकीनं त्याचा केवढा विचार केला होता! सकाळी जाग येताना कुठला राग, न्हाऊन आल्यावर कुठला, दिवेलागणीला कुठला. क्लास पुढच्या खोलीत हलवला. मागच्या खोलीला जाड पडदे लावले. रस्त्याचा आवाज नको, मिक्सरचा नको, कुकरची शिट्टीसुद्धा नको! आमटी बिनशिट्टीची शिजायला लागली. पोरीच्या कानावर पडायचं ते शुद्धच पडलं पाहिजे!

पाळण्यात घातलं, तंबोरा जुळवला, केतकीनं षड्ज लावला —

आणि पोरीनं भोकाड पसरलं!

नाव रागिणी, पण राग गाण्यातला नाही हो, नाकावरचा!

केतकीनं राग बदलला. रडणं तेच. श्रीरंगनं मोबाईलवर बासरी लावली. मग झऱ्याचं पाणी. मग म्हणे आईच्या पोटात असतो तसला धकधक आवाज. तोही मिळतो हल्ली मोबाईलवर! यमुनाबाईंनी जुन्या ओव्या म्हटल्या. शेजारणीनं प्लगात खोचायचा मंत्रांचा डबा आणून दिला. तो दिवसभर मंत्र म्हणतोय, पोर दिवसभर रडतंय. शेवटी डबा दमला, पोर नाही दमलं!

इथपर्यंत गंमत. पुढं गंमत राहिली नाही.

पोर दूध पिईना. दोन घोट घ्यायची आणि मान फिरवायची. डोळा लागतोय न लागतोय तोवर दचकून उठायची. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "दुखणं काही नाही. पण वजन वाढत नाहीये, हे बरं नाही. थोडी स्वस्थ व्हायला हवी." स्वस्थ कशी करायची? केतकी तिला छातीशी धरून गायची, गळ्यातलं सगळं गोड ओतून गायची. आणि पोर मुठी आवळून, पाठ ताठ करून तिच्यापासून लांब व्हायला बघायची. आईच्या अंगावरनं! सांगा, काय वाटत असेल त्या बाईला?

त्यात ती शेजारीण! वाईट नव्हती हो. पण जिभेला हाड नव्हतं. एकदा सहज बोलून गेली, "पोटचं असतं ना केतकी, तर आवाज ओळखला असता गं."

झालं! त्या दिवसापासून केतकीचं गाणं थांबलं. तंबोऱ्यावर खोळ चढली. क्लासच्या मुलींना सुट्टी दिली. आणि एका सकाळी चहा पुढ्यात ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, हिला परत देऊ या."

श्रीरंगच्या हातातला कप तसाच राहिला. "काय बोलतेस?"

"माझ्याकडं राहिली तर ही खंगून जाईल. दुसऱ्या कुणाकडं हसेल, दूध पिईल. मला ती नको झालीय असं नाही हो... मी तिला नको झालेय."

यमुनाबाई दारात उभ्या होत्या. श्रीरंगनं कप खाली ठेवला, म्हणाला, "जाऊ. शिशुगृहातल्या बाईंना भेटू, विचारू. पण केतकी, मी तिथं तोंडानं 'परत घ्या' म्हणणार नाही. तुला म्हणायचं असेल तर तू म्हण."

मित्राची मोटार मागून घेतली. नवी कोरी गाडी, काचा वर, आत गारवा. बाहेरचा एक आवाज आत येत नाही. बार्शीपासून सोलापूरपर्यंत गाडीत आवाज एकच, रागिणीचा. केतकी खिडकीतनं बाहेर बघत होती, डोळ्याला पदर लावत होती. पोरीची दुपटी, झबली, बाटली, सगळं पिशवीत भरून घेतलं होतं तिनं. परत द्यायचं म्हणजे सगळं द्यायचं!

सोलापूर आलं. शिशुगृहाच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो आडवा लागलेला. सुताची पोती उतरवत होते. गाडी पुढं जाईना. श्रीरंग म्हणाला, "उतर, चालत जाऊ. मी पिशवी घेतो." केतकीनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि दोघं गल्लीत शिरले.

आता ती गल्ली कसली? यंत्रमागांची! पोरीला न्यायला आले होते तेव्हा मागांना सुट्टी होती, गल्ली गप्प होती. दोन्ही अंगाला कारखाने. चादरी, टॉवेल विणणारे. विष्णुपंत, वाजवा बरं जरा — खटाक्-फटाक्, खटाक्-फटाक्... हां! आणखी जोरात! असे कितीतरी माग एकदम! शेजारच्या माणसाशी ओरडून बोलायला लागतं. केतकीला वाटलं, आता पोर आकांत करणार. तिनं तळव्यानं तिचा कान झाकला. पोरीनं मान झटकून तो हात बाजूला केला...

आणि रडणं तुटलं. एक हुंदका. एक उसासा. अंग सैल पडलं. डोकं आईच्या मानेत रुतलं.

केतकी घाबरली! "अहो! अहो, ही अशी का पडली? श्वास बघा तिचा!"

श्रीरंगनं पिशवी खाली टाकली. नाकापाशी बोट धरलं. ऐकू जाणार नाही म्हणून तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "झोपलीय. केतकी, ती झोपलीय!"

दोघं तिथंच उभी राहिली. रस्त्याच्या मधोमध. सायकलवाले घंटी वाजवतायत, "ओ ताई, बाजूला!" म्हणतायत. कोण हलतंय! शिशुगृहाची इमारत समोर दिसत होती, आणि तिची एक भिंत मागांच्या कारखान्याला लागून होती. पाळण्यांची खोली त्याच बाजूला. जन्मल्यापासून या पोरीनं जागेपणी, झोपेत, दूध पिताना एवढंच तर ऐकलं होतं! तिची अंगाई तीच! आणि आपण तिला जाड पडद्याच्या खोलीत नेऊन ठेवलं. आपल्याला ती शांतता वाटली. त्या जिवाला ते ओसाड रान वाटलं असेल!

आणि नेमकी जेवणाची सुट्टी झाली. माग बंद पडले. एका क्षणात सगळी गल्ली चिडीचूप!

पोरीनं डोळे उघडले. ओठ थरथरले. आता रडणार...

केतकीला काय करावं सुचेना. पण हात आपोआप चालला. पोरीच्या पाठीवर थोपटत तिनं सुरू केलं, "खटाक्-फटाक्, खटाक्-फटाक्..." ज्या गळ्यातनं चुकून कधी बेसूर निघाला नाही, त्या गळ्यातनं मागाचा खडखडाट! डबे उघडून बसलेले कामगार बघतायत. ही कोण बाई, भर रस्त्यात खटाक्-फटाक् करतेय! केतकीला त्याचं भान नव्हतं. कारण पोर रडली नाही. पोरीनं मान मागं घेतली, आणि आईच्या तोंडाकडं टक लावून बघायला लागली. घरी आल्यापासून पहिल्यांदा! हा आवाज ओळखीचा आहे, पण येतोय कुठनं? या तोंडातनं!

मग केतकीनं त्या ठेक्यावर हळूच एक सूर ठेवला. पेटीवाले, द्या —

खटाक्-फटाक् माग चाले,
माझ्या सोनीचे डोळे लागले...

शब्द साधेच, सुचले तसे. गाता गाता केतकीच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि पोर तिच्या हलणाऱ्या ओठांना बोट लावून बघत होती.

शिशुगृहाच्या जाधवबाई आवाज ऐकून दारात आल्या. "अगंबाई, केतकीताई! न कळवता कशा काय आलात?"

श्रीरंग खाली बघायला लागला. केतकीनं मात्र लपवलं नाही. म्हणाली, "बाई, हिला परत द्यायला आले होते. आता नाही देत."

जाधवबाईंनी केतकीकडनं सगळं ऐकून घेतलं, मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "अहो, आम्हाला या मागांचा आवाज ऐकूच येत नाही आता! येत असता तर सांगितलं नसतं का? आत तरी या. चहा घेऊन जा."

परत जाताना गाडीच्या काचा खाली होत्या. घरी आल्यावर श्रीरंगनं सगळ्यात आधी पडदे काढले. यमुनाबाईंना सगळं सांगितलं, तशी म्हातारी उठली आणि आपलं शिवणाचं मशीन ओढत पाळण्याशेजारी आणलं. मंडळी, डोळ्यांपुढं आणा! मशीनला दोरा नाही, सुईखाली कापड नाही, आणि आजी आपली पाय मारतेय — खटखट खटखट! पलीकडं सून त्या ठेक्यावर गातेय. आणि मध्ये ते पोर चुरूचुरू दूध पितंय!

हळूहळू अंग भरलं. हळूहळू मशीन कमी झालं, गाणं वाढलं. कोर्टाचा हुकूम झाला तेव्हा रागिणीचं वजन बघून डॉक्टरही हसले. आज ती शाळेत जाते. आता तुम्ही म्हणाल, मोठी गायिका होणार! छे हो! गाण्याची तिला काडीइतकी गोडी नाही. क्लास सुरू झाला की सायकल काढून पसार! आणि केतकी? ती दारात उभी राहून हसत बघते. तिला ते जमायला लागलंय.

मंडळी, शास्त्रानं भक्ती नऊ प्रकारची सांगितली. त्यात पहिली कुठली? कीर्तन? नाही हो! मलाही तसं आवडलं असतं. पहिलं श्रवण! कीर्तन दुसरं. म्हणजे मी इथं घसा फोडून करतेय ते दोन नंबरचं, आणि तुम्ही मांडी घालून करताय ते पहिल्या नंबरचं! देवाची वाट कानातनं सुरू होते. आणि आपण? देवापुढंसुद्धा आपलंच सांगणं. मग बाळाचं काय घेऊन बसलात!

आता बाळाचं सोडा, तुमच्या घरचं विचारते. मुलगा लग्नाचा झाला, सून घरात आली. तिला पहिल्या दिवशी काय सांगितलंत? आमच्याकडं भाजी अशी करतात. आमच्याकडं पूजा या वेळेला होते. आमच्याकडं इतकं मोठ्यानं हसत नाहीत. सगळं "आमच्याकडं"! सासूबाई, कधी विचारलंत का, "पोरी, तुमच्याकडं गं? तुझ्या आईच्या घरी सकाळी कसला आवाज असायचा? कशानं झोप लागायची तुला?"

कुणी विचारलंय? हात वर करा.

...अहो, एकही नाही?

बरं. आरती होऊ दे, प्रसाद घ्या, सावकाश घरी जा. सून कडी काढायला येईल. आज तिला लगेच काही सांगू नका. नुसतं विचारा. आणि ती बोलायला लागली की मध्ये बोलू नका.