मला काही नको

मंडळी, ऐका! बहीण "मला काही नको" म्हणते, तेव्हा तिला खरंच काही नको असतं का? हसताय? हसा. याच तीन शब्दांवर एक घर बुडणार होतं!

हणमंतानं ट्रॅक्टरच्या शोरूममधली नोकरी सोडली नि जमिनीच्या व्यवहारात उतरला. एकाची जमीन थोडा आगाऊ विसार देऊन धरायची, दुसऱ्याला चार पैसे चढवून द्यायची. पाप नाही हो त्यात! पण दुसऱ्याला शब्द देण्याआधी पहिल्याचं घर तपासावं की नको? ह्यानं पहिलंच गिऱ्हाईक धरलं — सख्खा मामा! मामांनी त्यासाठी राहतं घर विकलं.

जमीनवाला रंगराव. जमीन वडिलार्जित, म्हणजे त्याची बहीण कौसा हिचाही तीत वाटा. हणमंतानं बहिणीच्या सहीचं विचारलं, तर म्हणाला, "कौसानं भाऊबीजेला सगळ्यांदेखत सांगितलंय, मला काही नको. सातबाऱ्यावर माझंच नाव आहे." आणि ह्याला पटलं! अहो, ओवाळतानाचं बोलणं म्हणजे हक्कसोडपत्र का?

खरेदीखताचा दिवस उजाडला. नोंदणी कचेरीत पुकारा झाला. मामा उठले, दोन पावलं गेले नि वळले. "हणमंता, रंगरावाच्या बहिणीला तू स्वतः भेटलास ना?"

आता? 'हो' म्हटलं की व्यवहार पार. 'नाही' म्हटलं की विसार गेला, धंद्यातलं नाव गेलं! रंगराव डोळ्यांनी दटावतोय, कारकून पुन्हा पुकारतोय. पण उद्या कोर्टाची नोटीस आली, तर मामा जाणार कुठं?

"नाही मामा," तो म्हणाला. "सही करू नका."

तिघं निघाले ते थेट कौसाबाईच्या दारात. तिनं आधी पाणी दिलं, मग सगळं ऐकून घेतलं.

"म्हणाले होते," ती म्हणाली, "पण ते भावाला. त्याच्याकडं जमीन राहिली, तर माझं माहेर राहतं. परक्याला विकायची असेल, तर माझा वाटा मला द्या."

रंगरावाची मान खाली गेली. वाटा ठरला, तिची सही झाली, मगच खरेदी. रंगरावानं भाव वाढवला, त्यात हणमंताचा नफा गेला. त्या जमिनीवर मामांचं नवं घर मात्र उभं राहिलं!

धंद्यात नव्यानं उतरलेल्यांनो, जमीन पाहाल, कागद पाहाल — सही करणाऱ्या प्रत्येकाचं तोंडही पाहा!

आणि बाकीचे का माना डोलावताय? तुमच्या बहिणीनं गेल्या भाऊबीजेला काय म्हटलं? तुम्ही किती चटकन खरं मानलंत? घ्या आता देवाचं नाव. पण घरी गेल्यावर पहिला फोन तिला!