इंजिन न लावता नव्व्याण्णव दिवस

सिग्ने : अजून किती वेळ, आर्नफिन?

आर्नफिन : साठ टक्के झालंय. पाऊण तास धर.

सिग्ने : मघाशीही पाऊण तासच म्हणाला होतास. तेव्हा निदान माझी बोटं तरी जागेवर होती.

आर्नफिन : उणे अकरा आहे बाहेर. थंडीत बॅटरी सावकाशच भरते. दुकानात जाऊन बस जरा.

सिग्ने : आज रविवार आहे. बंद दुकानाच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी बसलोय आपण. डोंगराच्या अर्ध्यावर. मागचा पाऊण तास.

आर्नफिन : सीट गरम केलीय ना तुझी?

सिग्ने : हो. खालून भाजतेय आणि वरून गोठतेय. हीटर लाव.

आर्नफिन : हीटरला ऊब पेट्रोलच्या इंजिनाची लागते, बॅटरीची चालत नाही. बटण दाबलं की इंजिन सुरू होतं. दहादा सांगितलंय तुला.

सिग्ने : मग होऊ दे सुरू. पुढे बसवलंय कशाला ते, पूजेला?

आर्नफिन : आज नव्व्याण्णवावा दिवस आहे, सिग्ने.

सिग्ने : माहीत आहे मला. फ्रिजवर आकडा लावलायस. नातवंडांचे फोटो खाली सरकवून.

आर्नफिन : उद्या शंभर. आमच्या कॉफीच्या टेबलावरचा कोलब्योर्न अठ्ठ्याऐंशीवर अडकला. त्याची बायको घाईत होती, चढावर त्याने पाय जोरात दाबला, इंजिन लागलं. परत शून्यापासून. गेल्या आठवड्यात कॉफीला आला तर तोंड उतरलेलं होतं त्याचं.

सिग्ने : म्हातारे पुरुष वॅफल खात बसतात आणि कोणाचं इंजिन किती दिवस झोपलंय ते मोजतात. किळस येते मला, खरंच सांगते. आधी हसू यायचं. आता किळस येते.

आर्नफिन : तुला वाटतं ते सोपं आहे. टायरमध्ये हवा बरोबर लागते. उतारावर पाय काढून घ्यायचा, गाडीला आपली आपण वीज भरू द्यायची. पुढचं वळण आधी बघायचं, ब्रेकला हात... पाय लावायचाच नाही शक्यतो. साठच्या वर गेलं की संपलं.

सिग्ने : साठने चालवतोस म्हणून मागे आठ गाड्या होत्या. एकाने जाताना काच खाली करून काय म्हटलं ते ऐकलंस? मी ऐकलं. शरमेने मफलर नाकावर ओढून घेतला.

आर्नफिन : लोकांना घाई असते.

सिग्ने : मला पण आहे. वजन नको म्हणून तू मागचं सगळं काढलंस. फावडं काढलंस, वाळूची गोणी काढलीस, मेंढीचं कातडं काढलंस. परवा माझ्या पर्सकडे बघत होतास. मी काही बोलले नाही.

आर्नफिन : त्या पर्समध्ये काय काय असतं ते बघ एकदा.

सिग्ने : बोरघिल्डसाठी लेफ्सा आहेत, बटाट्याच्या पोळ्या. चार. ठेवू का इथे बर्फात? तेवढीच गाडी पुढे जाईल.

आर्नफिन : आता उगाच.

सिग्ने : उगाच नाही. साडेअकरा वाजले. मारित, वृद्धाश्रमातली नर्स, काय म्हणते ते तुला माहीत आहे. दुपारच्या जेवणापर्यंत बोरघिल्ड बोरघिल्ड असते. एकदा जेवून झोपली की उठल्यावर मला ती बाई म्हणते. ‘त्या बाईंना खुर्ची द्या.’ माझी सख्खी बहीण.

आर्नफिन : जेवण एकला असतं. पोचू आपण.

सिग्ने : पाऊण तासाने निघालो तर कसे पोचू? इथून तुझ्या साठने फागेरनेसला तिच्या वृद्धाश्रमात जायला किती लागतं ते तूच सांग. दोन आठवडे झाले मला तिला बघून. दोन आठवड्यांत काय काय विसरली असेल.

आर्नफिन : त्यात माझा काय दोष? मागच्या रविवारी तिथे उलट्यांची साथ होती.

सिग्ने : तुझा दोष म्हटलं का मी? मला जुन्या निळ्या गाडीची आठवण येते, एवढंच. ईस्टरला आपण तिघं याच डोंगरावरून जायचो. हीटरला जळक्या धुळीचा वास यायचा. बोरघिल्ड काचेखाली संत्री ओळीने मांडायची, गरम व्हायला. सबंध गाडीत संत्र्यांचा वास. कोणी मोजत नव्हतं काही.

आर्नफिन : दहा किलोमीटरला लिटरभर प्यायची ती गाडी.

सिग्ने : पिऊ दे की. अठ्ठ्याहत्तर साली मला न्यूमोनिया झाला, मुलं लहान होती, तू वीजकेंद्रावर अडकलेला. बोरघिल्ड स्कीवर अकरा किलोमीटर आली. सहा आठवडे राहिली. तिनेही विचार करायला हवा होता का, आज निघाले तर माझा कुठला आकडा मोडेल म्हणून?

आर्नफिन : अर्ध्या तासात निघू. बस्स?

सिग्ने : मी मारितला फोन करते. जेवण थोडं उशिरा द्या म्हणते.

आर्नफिन : नको. रविवारी माणसं कमी असतात त्यांच्याकडे. उगाच त्रास. सिग्ने, ठेव तो फोन.

सिग्ने : का? एवढा का घाबरलास?

(फोन लागतो. पलीकडचं बोलणं गाडीत मोठ्याने ऐकू येतं.)

बोरघिल्ड : मारितने फोन माझ्याच हातात दिलाय. सिग्ने, तूच ना?

सिग्ने : मीच. ओळखलंस मला?

बोरघिल्ड : तुला नाही ओळखणार? रस्ता उघडला का?

सिग्ने : कुठला रस्ता?

बोरघिल्ड : डोंगरावरचा. मागच्या रविवारी आर्नफिनने मारितला फोन केला होता ना, बर्फाने रस्ता बंद आहे, येता येत नाही म्हणून. मी कोट घालून बसले होते. इथली माणसं कोट काढा म्हणत होती, मी काढू दिला नाही. म्हटलं, रस्ते उघडतात.

सिग्ने : तुमच्याकडे साथ होती ना, बोरघिल्ड? उलट्यांची?

बोरघिल्ड : इथे? नाही गं. केक होता त्या दिवशी. तुझ्यासाठी तुकडा ठेवला होता, नंतर कोणीतरी खाल्ला. आर्नफिन चालवतोय का?

सिग्ने : हो. शेजारीच आहे.

बोरघिल्ड : मग मला काळजी नाही. त्याला सांग, सावकाश ये. घाई करू नको. मी आजही कोट घातलाय.

सिग्ने : येतोच आम्ही. ठेव आता फोन. बसून राहा.

आर्नफिन : सिग्ने.

सिग्ने : बोलू नकोस.

आर्नफिन : मागच्या रविवारी उणे अठरा होतं. इथला चार्जर बिघडलेला. चढावर इंजिन लागलंच असतं. ब्याण्णव झाले होते. मी म्हटलं, एकच रविवार तर आहे.

सिग्ने : तिला रस्ता बंद सांगितलास आणि मला साथ. आणि मला म्हणालास, फोन करू नको, आजारी माणसांना झोपू दे. मी केला नाही. घरी बसून तिच्यासाठी मोजे विणले.

आर्नफिन : निवृत्त झाल्यापासून कोणी मला काही विचारत नाही, सिग्ने. चाळीस वर्षं वीजकेंद्र सांभाळलं, आता कोणी दिवा कसा लावायचा तेही विचारत नाही. तिथे कॉफीच्या टेबलावर विचारतात. तू कसं जमवतोस, म्हणतात.

सिग्ने : सांग की मग त्यांना. कसं जमवतोस ते. सगळं सांग.

आर्नफिन : असं बघू नकोस माझ्याकडे.

सिग्ने : बावन्न वर्षं तुझ्या ताटातलं उरलेलं खाल्लंय मी. आज तुझ्या शेजारी बसायची शिसारी येतेय. फोन ठेवताना तिचा आवाज ऐकलास? दिवसभर कोट घालून बसली होती ती. आणि तू संध्याकाळी फ्रिजपाशी जाऊन आकडा बदललास. मी बघितलं होतं तुला. शीळ घालत होतास.

आर्नफिन : केबल काढतो. निघू या.

सिग्ने : काढ.

आर्नफिन : ... काढली. पेट्रोलवर टाकलीय गाडी. ऐकतेस ना इंजिन? पट्टा लाव. ऐंशीने नेतो, साडेबाराच्या आत पोचवतो तुला.

सिग्ने : मला पोचवतोस म्हणू नकोस. नुसती गाडी चालव.

आर्नफिन : तिला काय सांगणार आहेस?

सिग्ने : रस्ता बंद होता म्हणून सांगेन. ती अजून तुला चांगला माणूस समजते. तेवढं राहू दे तिच्याकडे.